पावणेतीन लाखांचा लॅपटॉप घेऊ का?

प्रश्न : मी सांगलीत लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करतो. वर्षाला तीसेक लग्नं होतात. लॅपटॉप २०२० साली घेतलेला आहे. इंटेल कोअर आय-७ १०७५०एच, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, जीटीएक्स १६५० कार्ड. आतापर्यंत काही तक्रार नव्हती. यंदाच्या सीझनला नवा कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून टाइमलाइनवर फुटेज अडकत चालतं. तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलं की विचारायलाच नको. दुकानदार म्हणतो, हा आता गेला, आरटीएक्स ५०८०चा घ्या, पावणेतीन लाखांत बसवून देतो. मेहुणा म्हणतो, ॲपलचा घे, डोळे झाकून. घरी म्हणतात, कॅमेऱ्याचे हप्ते अजून फिटायचेत. खरंच एवढा महाग लॅपटॉप घेतल्याने फरक पडतो का? की वर्षभर थांबलो तर याहून चांगला येईल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : फरक पडेल. पण पावणेतीन लाखांएवढा पडणार नाही, आणि जो पडेल त्यातला बराचसा तुम्हाला फुकटातही मिळू शकेल. ते कसं हे कळायला जरा आत शिरावं लागेल.

लॅपटॉप ठीक चालत होता आणि नवा कॅमेरा आल्यावर अडकायला लागला, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे लॅपटॉप होता तोच आहे, बदललंय ते फुटेज. गेल्या काही वर्षांतले बहुतेक चांगले कॅमेरे फोर-के व्हिडिओ एच.२६५ या पद्धतीने दाबून लिहितात. २०१३ साली ही पद्धत प्रमाण म्हणून ठरली. तिची खुबी अशी की ती प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीतच नाही. एक फ्रेम पूर्ण लिहायची आणि पुढच्या कित्येक फ्रेमसाठी फक्त काय बदललं तेवढं नोंदवायचं. नवरदेव बोहल्यावर उभा आहे, मागचा पडदा हलत नाही, मग पडदा पुन्हा पुन्हा कशाला लिहायचा? फाइल लहान होते, मेमरी कार्डात जास्त मावतं. याची भरपाई एडिटिंगला बसल्यावर करावी लागते. टाइमलाइनवर तुम्ही मधल्याच एखाद्या फ्रेमवर गेलात, की लॅपटॉपला मागे जाऊन शेवटची पूर्ण फ्रेम गाठावी लागते आणि तिथून एकेक बदल लावत तुमच्या फ्रेमपर्यंत यावं लागतं. तुम्ही प्लेहेड पुढेमागे ओढत राहता आणि तो बिचारा दर खेपेला ही वाट नव्याने चालतो. तीन कॅमेरे लावले की तिप्पट.

हे उलगडण्याचं काम प्रोसेसरच्या नेहमीच्या गाभ्यांकडून करून घेणं जड जातं. म्हणून चिप बनवणाऱ्यांनी त्यासाठी वेगळं छोटं सर्किट ठेवलेलं असतं. त्याला दुसरं काही येत नाही, पण व्हिडिओ मात्र ते अगदी थोड्या विजेत झरझर उलगडतं. तुमच्या मोबाइलवर फोर-के व्हिडिओ विनातक्रार चालतो तो याच सर्किटाच्या जोरावर. आता गोम अशी की हे सर्किट ठरावीक प्रकारचाच व्हिडिओ उलगडू शकतं. प्रकार जरा बदलला की ते हात वर करतं आणि सगळा भार प्रोसेसरवर येऊन पडतो.

तुमच्या बाबतीत हा बदललेला प्रकार बहुधा रंगाचा आहे. माणसाच्या डोळ्याला उजेडाचे बारकावे जास्त कळतात, रंगाचे कमी. त्याचा फायदा घेऊन कॅमेरा प्रत्येक ठिपक्याची उजळता लिहितो, रंग मात्र दोन ठिपक्यांत मिळून एकदा. याला ४:२:२ म्हणतात. चार ठिपक्यांत मिळून एकदा लिहिला तर ४:२:०. यूट्यूबवर आणि टीव्हीवर घरोघर जे दिसतं ते जवळपास सगळं ४:२:० असतं. नव्या कॅमेऱ्यांत १०-बिट ४:२:२ ची सोय असते, आणि माहितीपट पाहून शिकलेला प्रत्येक जण पहिल्याच दिवशी ती चालू करून ठेवतो. चूक नाही त्यात, रंगकाम करायला ती बरीही पडते. पण तुमच्या दहाव्या पिढीच्या एच मालिकेतल्या प्रोसेसरमधलं सर्किट एच.२६५ मधलं १०-बिट ४:२:० उलगडतं, ४:२:२ नाही. जीटीएक्स १६५०चंही तेच. एनव्हिडियाने ४:२:२ ची सोय आणली ती थेट २०२५ च्या ५० मालिकेत. इंटेलच्या एच मालिकेत ती अकराव्या पिढीपासून प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्येच आहे, ॲपलकडे २०२० च्या एम-१ पासून. म्हणजे तुमची चिप एका पायरीने हुकली.

तर पहिलं काम : कॅमेऱ्याच्या मेनूत जा आणि १०-बिट ४:२:० हा पर्याय आहे का बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो. पुढचं लग्न त्यावर शूट करा. हळदीचा पिवळा, शालूचा हिरवा, जरीचा सोनेरी, यात पेन ड्राइव्ह टीव्हीला लावून बघणाऱ्या मंडळींना फरक दिसणार नाही; हिरव्या पडद्यासमोर चित्रण करणाऱ्यांना दिसेल, ते काम तुमचं नाही. रंग दहा बिटांतच राहतो, त्यामुळे मांडवातला निळा-जांभळा एलईडीचा उजेड सावरायला वाव राहतो. फक्त एडिटिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग चालू आहे ना, ते पाहा. अनेकांचं बंद असतं.

आणि आधी जे ४:२:२ मध्ये शूट करून ठेवलंय त्याचं काय? त्यासाठी प्रॉक्सी करा. प्रॉक्सी म्हणजे मूळ फुटेजची हलकी नक्कल. रात्री झोपताना ती करायला लावायची, सकाळी तिच्यावर कापाकापी करायची, शेवटी एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाइल उचलतं. प्रीमिअर, दाविंची रिझॉल्व्ह, एडियस, सगळ्यांत ही सोय आहे आणि आपल्याकडच्या लग्नवाल्यांत ती फार कमी जण वापरतात. का, ते मला कधी उमगलेलं नाही. कदाचित नक्कल म्हटलं की दर्जा उतरेल अशी भीती वाटत असावी. उतरत नाही.

माझं निदान बरोबर आहे का, हे दोन मिनिटांत तपासता येईल. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जा आणि फुटेज अडकत असतानाच आकडे वाचा. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि जीपीयूच्या पानावरचा व्हिडिओ डिकोडचा आलेख शून्याजवळ, असं असेल तर वर सांगितलं तेच दुखणं. मेमरी नव्वदच्या पुढे असेल तर रॅम कमी पडतेय. डिस्क शंभरावर चिकटली असेल तर दोष तिचा. पंगतीत वाढपी दोनच असतील, तर मुदपाकखान्यात आणखी चार आचारी उभे केल्याने पानात जिलबी लवकर पडत नाही. कुठे तुंबलंय ते न बघता लॅपटॉप बदलणं हे तसलंच.

डिस्कबद्दल माझा एक संशय आहे. ५१२ जीबीच्या एसएसडीत तीस लग्नं मावणार नाहीत, म्हणजे तुम्ही खिशात मावणाऱ्या पोर्टेबल हार्ड डिस्कवरून थेट एडिटिंग करत असणार. हिशेब करू. कॅमेरा सेकंदाला २०० मेगाबिट लिहीत असेल तर ते २५ मेगाबाइट झाले. तीन कॅमेरे, ७५. पोर्टेबल हार्ड डिस्क एका ओळीत वाचली तर सेकंदाला शंभर-सव्वाशे मेगाबाइट देते, म्हणजे कागदावर जमायला हवं. पण तीन फाइली तीन ठिकाणी असतात. आतली सुई फिरत्या तबकडीवर या फाइलीवरून त्या फाइलीवर उड्या मारत राहते आणि वेग कोसळतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्याने हा प्रश्न येत नाही. बाहेरून लावायची चांगली एसएसडी सेकंदाला हजार मेगाबाइटपर्यंत देते. चालू सीझनचं काम तिच्यावर ठेवा, संपलेली लग्नं हार्ड डिस्कवर सरकवा. हार्ड डिस्क साठवणीला उत्तम आहे, कामाला नाही.

रॅम ३२ जीबी करणंही तुमच्या यंत्रात शक्य असावं, कारण त्या काळच्या एच मालिकेच्या बहुतेक लॅपटॉपांत रॅमच्या पट्ट्या बदलता येतात. मात्र टास्क मॅनेजरने मेमरी भरल्याचं सांगितलं तरच. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढले आहेत, कारण कारखाने आपला माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवतायत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा रॅम उगाच घेऊन ठेवायची वस्तू राहिलेली नाही.

शिवाय लॅपटॉप उघडून साफ करून घ्या. इतक्या वर्षांत पंख्यात धुळीची चटई तयार झालेली असते आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडखडीत. तुमचा प्रोसेसर जोरात असताना ५ गिगाहर्ट्झला जातो आणि त्याचा हमखास वेग २.६ आहे. उष्णता बाहेर पडली नाही की तो जीव वाचवायला खाली उतरतो, आणि माणूस म्हणतो, लॅपटॉप म्हातारा झाला.

आता 'थांबू का?' या प्रश्नाकडे. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये लिहिलं की चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होतेय. १९७५ मध्ये त्यांनीच ते दुरुस्त करून दोन वर्षं केलं. पण तुम्हाआम्हाला वेग मिळत होता तो त्याच्या जोडीच्या दुसऱ्या गोष्टीमुळे. ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याला वीजही त्याच प्रमाणात कमी लागायची, म्हणून ठोके वाढवत नेता यायचे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेला हा हिशेब २००५ च्या सुमाराला मोडला. इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेत २००४ मध्येच गुंडाळला होता. तुमची २०२० ची चिप ५ गिगाहर्ट्झला जाते, आणि पावणेतीन लाखांच्या लॅपटॉपात हमखास दिसणारी कोअर अल्ट्रा ९ २७५एचएक्स ५.४ ला. पाच वर्षांत एवढीच मजल. प्रत्येक ठोक्यात होणारं काम वाढलंय हे खरं, आणि गाभे सहाचे चोवीस झालेत, त्यामुळे एक्स्पोर्ट झपाट्याने होतं. पण खरी उडी कुठे असते? एखाद्या कामासाठी खास सर्किट आलं, तिथे. त्या कामात फरक दहापट वाटतो, बाकीच्या कामांत जेमतेम.

म्हणून दरवर्षी काय नवं आलं हे बघत बसू नका. तुमच्या कामाचं सर्किट आलंय का, एवढंच बघा. ते आलंय आणि स्वस्तातही आलंय. दुकानदार ५०८० दाखवतो, पण ४:२:२ उलगडणारं सर्किट त्याच मालिकेतल्या ५०६० मध्येही आहे. वरच्या कार्डात अशा सर्किटांची संख्या जास्त असते, आठ-दहा कॅमेऱ्यांचं काम करणाऱ्याला ती लागेल. एक बारीक अट लक्षात ठेवा : कॅमेरा एच.२६४ मध्ये १०-बिट ४:२:२ लिहीत असेल तर इंटेलच्या बहुतेक चिपांतलं सर्किट तिथे चालत नाही, एनव्हिडियाच्या ५० मालिकेतलं चालतं.

लॅपटॉपातल्या कार्डाच्या नावावरही भुलू नका. डेस्कटॉपचं आरटीएक्स ५०९० कार्ड ५७५ वॅट वीज घेतं, लॅपटॉपातलं त्याच नावाचं साधारण दीडशे. मेमरी तिकडे ३२ जीबी, इकडे २४. नाव एक, आतली चिप वेगळी. आरटीएक्स ४०६० तर लॅपटॉप कंपनीच्या मर्जीने ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत मिळायचं; एकच नाव लिहिलेल्या दोन खोक्यांत एवढी तफावत. प्रोसेसरच्या नावांची तीच गत आहे. इंटेलने २०२५ च्या सुरुवातीला कोअर २००एच म्हणून आणलेल्या चिपा २०२३ मध्ये लॅपटॉपांत आलेल्या रॅप्टर लेकच्याच घराण्यातल्या. चिप वाईट नाही, पण 'लेटेस्ट' म्हणून वरचे पैसे देऊ नका. दुकानात कार्ड किती वॅटचं आहे हे विचारा. उत्तर आलं नाही तर दुसरं दुकान.

आता पैसा. नवा लॅपटॉप एक्स्पोर्ट चार तासांऐवजी एका तासात करेल, असं तुम्हाला सांगितलं जाईल. करेलही. पण एक्स्पोर्ट रात्री लावून आपण झोपतो, त्या वाचलेल्या तासांना भाव नाही. भाव आहे तो तुम्ही खुर्चीत बसून वाट बघता त्या वेळेला. समजा दर लग्नामागे असे तीन तास वाचले. तीस लग्नांचे नव्वद. तुमचा तास तीनशे रुपयांचा धरला तर वर्षाला २७ हजार, चार वर्षांत १ लाख ८ हजार. आणि त्यातले बहुतेक तास प्रॉक्सी, एसएसडी आणि कॅमेऱ्याचं सेटिंग यांनीच वाचतात.

पावणेतीन लाख कुणाला शोभतात? जो सेम डे एडिट करतो, त्याला. सकाळचे विधी संध्याकाळच्या रिसेप्शनला पडद्यावर दाखवायचे असतात, मधे जेमतेम चार तास, आणि वीस मिनिटं उशीर झाला तर वरबाप समोर उभा. तिथे मिनिटाला किंमत आहे आणि ती बिलात लावता येते. ज्याला अंधारातलं फुटेज रोज डिनॉइज करावं लागतं किंवा थ्रीडीचं काम आहे, त्यालाही मोठ्या कार्डाचा उपयोग होतो. तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

मेहुण्यांना सांगा, ॲपलचा लॅपटॉप या कामाला खरोखर चांगला आहे. विजेवर असो वा बॅटरीवर, त्याचा वेग फारसा बदलत नाही, आणि हॉलमधल्या खोलीत प्लग शोधत फिरावं लागत नाही. पण रॅम आणि डिस्क घेतानाच ठरवावी लागते, नंतर वाढत नाही. आणि तुम्ही एडियसवर काम करत असाल तर विषय तिथेच संपला, कारण ते फक्त विंडोजवर चालतं. मराठी टायटलसाठीचे जुने फॉन्ट आणि अल्बमची सॉफ्टवेअरं विंडोजवरची असतील, तर तीही मोजा.

तुमचा व्यवसाय जीएसटीत नोंदलेला असेल आणि तुम्ही कंपोझिशन योजनेत नसाल, तर लॅपटॉपवरच्या १८ टक्के कराचं क्रेडिट मिळतं. पावणेतीन लाखांत तो कर सुमारे ४२ हजार बसतो. आयकरात संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात वस्तू १८० दिवसांहून कमी वापरली तर निम्माच. म्हणून घ्यायचा झाला तर सप्टेंबरात घेतलेला बरा, मार्चमध्ये घाईने घेतलेला नाही. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत विवरण भरत असाल तर ही वजावट वेगळी मिळत नाही. तुमच्या सीएंना विचारून घ्या.

माझा सल्ला : हा सीझन जुन्यावर काढा, ४:२:० आणि प्रॉक्सी वापरून. एक बाहेरची एसएसडी घ्या. कॅमेऱ्याचे हप्ते फिटले की दीड लाखाच्या आतबाहेर, ५० मालिकेतलं मधलं कार्ड, ३२ जीबी रॅम आणि एसएसडीच्या दोन जागा असलेला लॅपटॉप बघा. वरचे सव्वा लाख हातात राहतील. त्यातून दुसरी चांगली लेन्स घेतलीत तर ती पाहुण्यांनाही दिसेल.

प्रश्न : निवृत्त शिक्षिका आहे. लॅपटॉपवर लेख टाइप करते, बँकेचं बघते, नातवंडांशी व्हिडिओवर बोलते. विंडोज १० बंद झालं, हा लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही. न्यू जर्सीचा मुलगा म्हणतो, आई, मी येताना सगळ्यात भारी घेऊन येतो. आणू दे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मुलाला येऊ द्या, भारी लॅपटॉप राहू द्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे लॅपटॉप बंद पडला असं नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबल्या. घरगुती वापरकर्त्यांना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव दुरुस्त्यांची सोय ठेवली आहे, सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवता येतं. तुम्ही बँकेचं काम करता, तेव्हा ते टाळू नका. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षेचं अंग आणि इंटेलची निदान आठवी पिढी लागते. तुमचा त्याआधीचा दिसतो.

पुढे दोन वाटा. घरात कुणी हौशी असेल तर लिनक्स मिंट टाकून घ्या. ब्राउझर, व्हिडिओ कॉल, लिब्रेऑफिस आणि इनस्क्रिप्टचं मराठी टायपिंग त्यावर चांगलं चालतं, आणि पैसे लागत नाहीत. कुणी नसेल तर १६ जीबी रॅमचा साधा नवा लॅपटॉप रत्नागिरीतच घ्या. प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो हे खरं, पण वॉरंटी इथे लागू आहे की नाही ते मॉडेलगणिक बदलतं, आणि की-बोर्डचं एखादं बटण अडलं तर तुम्ही न्यू जर्सीला जाणार नाही. वाचलेल्या पैशांत चांगली खुर्ची घ्या. लेख लिहिणाऱ्याला प्रोसेसरपेक्षा तिची गरज जास्त.

प्रश्न : मुलाला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. तो म्हणतो, एआय शिकायचं तर एआय लॅपटॉपच लागतो. काय असतो तो?
— एक पालक, नांदेड

उत्तर : जाहिरातीतला एआय लॅपटॉप म्हणजे ज्यात एनपीयू हे आणखी एक खास सर्किट आहे असा. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये कोपायलट प्लस ही जात जाहीर केली. तिची अट सेकंदाला ४० लाख कोटी गणितांच्या एनपीयूची आणि किमान १६ जीबी रॅमची आहे. व्हिडिओ कॉलमधली पार्श्वभूमी पुसट करणं, बोललेल्याचे सबटायटल दाखवणं अशी कामं तो कमी विजेत करतो. मॉडेल शिकवणं हे निराळं काम, ते मुख्यत्वे एनव्हिडियाच्या कार्डांवर चालतं, आणि विद्यार्थ्याला लागेल तेवढं गुगल कोलॅबवर फुकट करता येतं. पहिल्या वर्षी मुलगा सी, पायथन आणि गणित शिकेल. १६ जीबी रॅम, दीड किलोच्या आतलं वजन आणि दिवसभर टिकणारी बॅटरी बघा. होस्टेलवर गेमिंग लॅपटॉप मागण्याचं कारण अभ्यास नसतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

प्रश्न : जुना लॅपटॉप भंगारवाल्याला दिला तर चालतो का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चालू असेल तर विका किंवा गरजूला द्या, लॅपटॉपच्या आयुष्यातलं बहुतेक प्रदूषण तो बनतानाच होऊन गेलेलं असतं, म्हणून जितका जास्त वापरला जाईल तितकं चांगलं. देण्याआधी विंडोजच्या रिसेटमध्ये सगळं काढून टाकण्याचा आणि ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडा. नुसत्या फाइली डिलीट करणं पुरत नाही. बंद पडलेला असेल तर भंगारात नको. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि तो नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवा. कंपनीच्या वेबसाइटवर परत घेण्याची केंद्रं दिलेली असतात. बॅटरी फुगलेली असेल तर लॅपटॉप चार्जिंगला लावू नका, कपाटातही ठेवू नका, लगेच केंद्रात पोचवा.

लॅपटॉपबद्दल बरीच पत्रं आली आहेत, क्रमाने घेऊ. यापुढे पाठवणाऱ्यांनी मॉडेलचं पूर्ण नाव, रॅम, डिस्कचा प्रकार आणि यंत्र अडकत असताना टास्क मॅनेजरमध्ये दिसलेले चार आकडे जरूर लिहावेत. 'स्लो झालाय, नवा घेऊ का?' एवढ्यावर उत्तर देता येत नाही.